उन्हाळ कांद्याची नासाडी काढणीपासूनच रोखावी: मार्च ते ऑक्टोबर हंगामासाठी सल्ला

नाशिक जिल्ह्यातील कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात आणि निफाड, येवला, चांदवड, सिन्नर भागात उन्हाळ कांद्याच्या माना पडू लागल्या, की पुढचे सहा-सात आठवडे शेतकरी कुटुंबाला उसंत नसते. देशाच्या एकूण कांदा उत्पादनात रब्बी, म्हणजे या उन्हाळ कांद्याच्या, हंगामाचा वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे आणि साठवणीत टिकणारा कांदाही प्रामुख्याने याच हंगामाचा असतो. खरिपाचा नवा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, म्हणजे थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, घराघरांतल्या स्वयंपाकाला हाच कांदा पुरतो. पारंपरिक पद्धतीने पाच-सहा महिने साठवलेल्या कांद्यात वजनातील घट, सड आणि कोंब मिळून तीस ते चाळीस टक्के नुकसान होणे ही नेहमीची बाब झाली आहे, आणि पावसाळा दमट गेला तर ते याहूनही वाढते. चाळीतून, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमधून, बाहेर काढून उकिरड्यावर टाकलेल्या प्रत्येक पाटीबरोबर त्या पाटीला लागलेले बियाणे, खत, विजेच्या वेळा सांभाळून रात्री दिलेले पाणी आणि लावणीपासून काढणीपर्यंतची मजुरीही टाकली जाते.

या सल्ल्यात चाळीच्या बांधणीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, काढणी आणि सुकवणीविषयी लिहिले आहे, कारण चाळ आजारी कांद्याला बरे करीत नाही. ती निरोगी कांद्याला निरोगी ठेवते, एवढेच तिचे काम. जुलैमध्ये चाळीत पाणी सुटलेला कांदा बहुतेक वेळा एप्रिलमध्ये शेतातच बिघडलेला असतो: त्याची मान ओली असताना कापलेली असते, त्याला खुरप्याची इजा झालेली असते, किंवा तो अवकाळीत भिजून पुरता न वाळता आत गेलेला असतो. चाळीवर दोन लाख रुपये खर्च करणारे अनेक शेतकरी सावलीतल्या सुकवणीसाठी मात्र दहा दिवस थांबत नाहीत, याचे मनापासून वाईट वाटते.

काढणीपूर्वीचे तीन आठवडे

ज्यांचा कांदा अजून शेतात उभा आहे, त्यांनी आता नत्राचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा. लावणीनंतर दीड महिन्याच्या आत नत्राचा शेवटचा हप्ता संपलेला असावा, अशी शिफारस आहे. त्यानंतर युरिया दिल्यास कांदा फुगतो आणि काट्यावर वजनही दिसते, परंतु मान जाड राहते, ती लवकर वाळत नाही, आणि हेच जास्तीचे वजन चाळीत पाणी होऊन गळून जाते. लावणीच्या वेळी गंधक दिलेले असल्यास टिकवणीला त्याचा चांगला उपयोग होतो. पुढील हंगामाच्या खत नियोजनात ते विसरू नये.

काढणीच्या पंधरा ते वीस दिवस आधी पाणी तोडावे. भारी काळ्या जमिनीत ओल अधिक काळ टिकते, म्हणून तिथे हा कालावधी लांबवावा; हलक्या, मुरमाड जमिनीत तो थोडा कमी चालतो. पाणी तोडल्याने उत्पादन घटेल ही भीती स्वाभाविक आहे, परंतु या काळात पातीतील अन्नरस कांद्यात उतरतो, वरची पत्ती (कांद्याची साल) वाळून घट्ट होते आणि मान बारीक पडते. शेतातील निम्म्याहून अधिक झाडांच्या माना आपोआप मोडल्या, की पीक काढणीला आले असे समजावे. पिंप फिरवून किंवा पायाने माना मोडून काढणी लवकर उरकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. साठवणुकीच्या कांद्यासाठी ती टाळावी, कारण नैसर्गिकरीत्या न पडलेली मान आतून हिरवी राहते आणि बुरशीला तीच वाट मिळते.

शेतातील आणि सावलीतील सुकवणी

उपटलेला कांदा शेतात तीन ते पाच दिवस पातीसकट राहू द्यावा, मात्र त्याचा ढीग करू नये. एका ओळीतील कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल अशा रीतीने तो पसरावा, म्हणजे पात वाळते आणि कांद्याला थेट ऊन लागत नाही. एप्रिलच्या उन्हात उघडा राहिलेला कांदा एका बाजूने भाजल्यासारखा मऊ पडतो. तो डाग काढणीच्या वेळी दिसत नाही, पण महिनाभरात त्याच जागी सड सुरू होते.

पात कापताना मानेला हलका पीळ द्यावा आणि दीड ते दोन इंच मान ठेवून कापावे. आपण कांदा बरोबर वाळवला आहे की नाही, हे तपासायला यंत्र लागत नाही. मान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळावी. ती कागदासारखी कोरडी वाजली तर कांदा तयार आहे. आत बुळबुळीत सरकल्यासारखी वाटली किंवा दाबल्यावर ओल बोटाला लागली, तर तो कांदा आणखी थांबायला हवा. मान न ठेवता अगदी घासून कापलेला कांदा दिसायला नीट दिसतो, परंतु त्याचे तोंड उघडे राहते. त्यातून पाणी उडून वजन घटते आणि मानकुजीची बुरशी आत शिरते. पात कापणीचे काम उक्ते दिले, की मजुरांना झपाट्याने हात चालवावा लागतो आणि मान आखूड कापली जाते. म्हणून जो कांदा साठवायचा आहे त्याची कापणी शक्यतो रोजंदारीवर करून घ्यावी आणि पहिल्या तासात स्वतः सोबत बसून नेमकी किती मान ठेवायची ते दाखवावे. कापणाऱ्या बायांना कारण समजले, की त्या ते कोणत्याही मुकादमापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतात, असा अनुभव आहे.

यानंतर कांदा झाडाखाली, छपराखाली किंवा शेडनेटच्या सावलीत एक ते दीड फूट जाडीच्या थरात दहा ते पंधरा दिवस सुकवावा. संपूर्ण हंगामात सर्वाधिक वगळली जाणारी आणि सर्वाधिक फायदा देणारी हीच पायरी आहे. या दिवसांत मान पूर्ण मिटते, बाहेरच्या पत्त्या सुकून कांद्याभोवती कवच तयार होते, आणि ज्या कांद्यांना आतून इजा झालेली आहे ते चाळीत जाण्यापूर्वीच मऊ पडून ओळखू येतात. निवडीची ही संधी फुकट मिळते. थेट शेतातून चाळ भरणारा शेतकरी ती गमावतो.

२०२५ च्या मे महिन्यात राज्यभर जो पाऊस झाला, त्यात शेतात आणि खळ्यात पडलेला पुष्कळ कांदा भिजला. त्या वेळी भिजलेला कांदा दोन दिवस वाळवून चाळीत टाकणाऱ्यांना जूनअखेरीसच चाळी उपसाव्या लागल्या, आणि त्या कांद्यासोबत ठेवलेला कोरडा कांदाही खराब झाला. यंदा काढणी सुरू करण्यापूर्वी भारतीय हवामान खात्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज रोज पाहावा आणि सगळे रान एकदम उपटण्याऐवजी जेवढा कांदा त्या मुदतीत वाळवून आत घेता येईल तेवढाच उपटावा. पाऊस आलाच तर प्लास्टिकचा कागद कांद्याच्या अंगावर थेट टाकू नये. बांबू किंवा पाइपच्या आधाराने वर पोकळी ठेवून झाकावे आणि पाऊस थांबताच कागद काढावा, नाहीतर आतल्या घामाने कांदा पावसापेक्षाही जास्त भिजतो. एकदा भिजलेला कांदा पुन्हा पूर्ण वाळवून वेगळा ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत विकून टाकावा. तो साठवू नये, भाव कितीही कमी असला तरी.

निवड

चाळीत फक्त मध्यम आकाराचा, सुमारे ४५ ते ८० मिलिमीटर व्यासाचा, बारीक मानेचा आणि पत्ती शाबूत असलेला कांदा जावा. जोडकांदा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला कांदा), चिंगळी (अगदी बारीक कांदा), जाड मानेचा, उन्हाने भाजलेला, खुरप्याचा घाव असलेला आणि पत्ती निघालेला कांदा बाजूला काढावा. चिंगळी आणि गोल्टी (लहान गोल कांदा) चाळीत भरल्यास ती मोठ्या कांद्यांमधल्या फटींत जाऊन बसते आणि हवेचे मार्ग बुजवते, म्हणून ती सडकी नसली तरी आत नको. बाजूला काढलेला माल नासका नसतो. तो ताजा असताना गोल्टीचे व्यापारी, खानावळी, स्थानिक आठवडे बाजार घेतात. तोच दोन महिने चाळीत राहिल्यावर कोणी घेत नाही.

वाण निवडीची वेळ आता निघून गेली असली, तरी आपल्या शेतातील वाण किती टिकतो हे माहीत असल्याशिवाय साठवणुकीचा निर्णय घेऊ नये. एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड, तसेच राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण आणि भीमा शक्ती हे वाण चांगले टिकतात. रांगड्याचा (उशिरा खरिपाचा) उरलेला कांदा उन्हाळ कांद्याच्या चाळीत मिसळण्याची चूक दरवर्षी होते. तो आधी कोंब धरतो आणि संपूर्ण कप्प्याची प्रत घालवतो.

चाळ भरताना

कांद्याच्या साध्या साठवणुकीसाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. आर्द्रता वाढली की काजळी (काळी बुरशी), मुळे फुटणे आणि सड वाढते. ती फार घटली की कांदा सुकून हलका होतो. तापमान दहा ते वीस अंशांच्या दरम्यान उतरले की कोंब लवकर फुटतात, आणि म्हणूनच पावसाळ्याच्या शेवटी रात्री गार होऊ लागल्यावर चाळीत हिरवे टोक दिसू लागते. चाळीची सगळी रचना हवा खेळती ठेवून कांद्याच्या श्वसनाची उष्णता आणि ओल बाहेर काढण्यासाठी असते.

एकपाखी (कांद्याच्या एका रांगेची) चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी (दोन रांगांची) चाळ पूर्व-पश्चिम बांधावी. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच आणि फटींचा असावा, कांद्याच्या थराची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि उंची चार ते पाच फुटांपर्यंतच ठेवावी, आणि छपराचा पाखा भिंतीच्या बाहेर तीन फुटांपर्यंत यावा म्हणजे पावसाची झड आत येत नाही. कौले किंवा सिमेंटचे पत्रे असतील तर उत्तम. लोखंडी पत्रा असल्यास त्यावर उसाचे पाचट किंवा गवताचा थर द्यावा. चाळीसाठी एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून अनुदान मिळते. अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो आणि चालू वर्षाचे निकष तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावेत, कारण ते बदलत असतात.

बांधणी उत्तम असलेल्या चाळीही दोन कारणांनी फसतात. पहिले कारण उंची. भाव पडलेले असताना जास्त माल मावावा म्हणून सहा-सात फुटांपर्यंत कांदा चढवला जातो. खालच्या थरावर वजन येते, कांदे दबतात, आणि हवा सगळ्यांत कमी पोहोचते ती नेमकी याच ठिकाणी. दुसरे कारण भरण्याची पद्धत. वरून घमेले उपडे केले, की पाच फुटांवरून कांदा फळीवर किंवा कांद्यावर आदळतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आतला पापुद्रा फुटलेला असतो. चाळ एका टोकाकडून भरत यावी, घमेले किंवा क्रेट थराच्या जवळ नेऊन तिरके करावे आणि कांद्यावर पाय देऊन चालू नये. चालावेच लागले तर फळी टाकावी. भरण्यापूर्वी मागील वर्षीचा पालापाचोळा, पत्ती आणि माती झाडून काढावी, चाळ धुऊन कोरडी करावी आणि निर्जंतुकीकरणासाठी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच औषध रिकाम्या चाळीत वापरावे. साठवलेल्या कांद्यावर कोणतीही कीडनाशक भुकटी टाकू नये. तो कांदा कोणाच्या तरी ताटात कच्चा वाढला जाणार आहे.

पावसाळ्यातील देखरेख

पश्चिमेच्या बाजूला गोणपाट किंवा शेडनेटचा पडदा लावावा, पण तो गुंडाळता यावा असा असावा. झड थांबली की पडदा वर, हा नियम घरातील सर्वांनी पाळावा. चाळीच्या आजूबाजूचे गवत काढावे आणि पाणी निघून जाण्यासाठी चर काढावा, कारण तळाखाली साचलेल्या पाण्याची वाफ थेट कांद्यात जाते.

आठवड्यातून एकदा चाळीच्या तळाखाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहावे. ज्या ठिकाणी फळीच्या फटीतून तपकिरी पाझर दिसतो, चिलटे घोंघावतात किंवा आंबूस वास येतो, त्याच्या बरोबर वर सड सुरू आहे. तेवढाच कप्पा उघडून खराब कांदा काढावा. सगळी चाळ वरचेवर पालटण्याने पत्ती सुटते आणि निरोगी कांद्यालाही इजा होते, म्हणून गरज नसताना ती हलवू नये.

आणखी एक सोपे काम प्रत्येकाने करावे. चाळ भरताना जाळीच्या चार-पाच पिशव्यांत प्रत्येकी दहा किलो निवडलेला कांदा मोजून भरावा, त्यांवर तारीख लिहावी आणि त्या चाळीत वेगवेगळ्या ठिकाणी, हाताला येतील अशा ठेवाव्यात. दर पंधरा दिवसांनी त्यांचे वजन करून वहीत लिहावे आणि खराब कांदे मोजावेत. आपल्या चाळीत दर महिन्याला नेमकी किती घट होते, हे त्यामुळे अंदाजाने न सांगता आकड्यांत सांगता येते, आणि विक्रीचा निर्णय त्यावरच उभा राहतो.

विक्री कधी करावी

समजा, काढणीच्या वेळी भाव क्विंटलला १५०० रुपये आहे. शंभर क्विंटल साठवून वीस टक्के घट झाली, तर केवळ तेवढेच पैसे हातात येण्यासाठी पुढे १८७५ रुपये भाव मिळावा लागतो. घट तीस टक्क्यांवर गेली, तर २१४३ रुपये. यात चाळीचा खर्च, दुसऱ्यांदा निवडीची मजुरी आणि अडकलेल्या पैशांचे व्याज धरलेले नाही. निर्यातीचे निर्णय भावावर किती परिणाम करतात, ते ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ या काळातील निर्यातबंदीने सर्वांनी पाहिले आहे. पुढील भाव कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. घट मात्र आपल्या वहीत लिहिलेली असते. म्हणून सगळा कांदा एकाच वाढीव भावासाठी धरून ठेवू नये. एक भाग काढणीनंतर, एक भाग जुलै-ऑगस्टमध्ये आणि सर्वांत चांगला वाळलेला, निवडलेला भाग सप्टेंबरनंतर, असे तीन टप्पे करावेत. ज्या कप्प्यातील पिशवीची घट वेगाने वाढते आहे, तो कप्पा भावाची वाट न पाहता आधी विकावा.

लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याला कोंब फुटणे थांबते, मात्र ही प्रक्रिया काढणी व सुकवणीनंतर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच करावी लागते. विकिरणाने सड थांबत नाही, त्यामुळे इजा झालेला किंवा ओला कांदा तिथे नेऊन उपयोग नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर निवडलेला माल असल्यास त्याचा विचार करावा.

बाजार समितीत आणि पुढे

ट्रॉलीत भरताना तळाला पाचट किंवा जुनी गोणपाटे अंथरावीत. लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा ओतला जातो, फावड्याने ओढला जातो, प्रतवारी होऊन गोण्यांत भरला जातो आणि कोलकाता, गुवाहाटीपर्यंतच्या प्रवासात गोण्यांच्या थप्पीखाली दबतो. या प्रत्येक टप्प्यावर काही कांदा फुटतो. खळ्यावरील रबरी चटया, फावड्याऐवजी सरकपट्टा, हवा खेळेल अशा जाळीच्या गोण्या आणि ट्रकच्या ताडपत्रीखाली हवेला ठेवलेली वाट, या गोष्टी व्यापारी बांधवांनीही मनावर घ्याव्यात, कारण पुढे फुटलेल्या मालाची वजावट शेवटी शेतकऱ्याच्या भावातूनच होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगभर दुकाने, खानावळी आणि घरे मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील साठ टक्के घरांतून गेले. शहरातील ग्राहकांपुरते सांगायचे, तर कांदा प्लास्टिकच्या पिशवीत आणि बटाट्यांच्या टोपलीत ठेवू नये.

बाजूला काढलेल्या कांद्याचे काय करावे

इजा झालेला पण न सडलेला कांदा कापून वाळवता येतो. छत्रपती संभाजीनगर परिसरात सौर वाळवणी यंत्रांवर शेतकरी महिलांकडून भाजीपाला वाळवून घेणाऱ्या एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीला २०२३ चा अर्थशॉट हा आंतरराष्ट्रीय पर्यावरण पुरस्कार याच कामासाठी मिळाला. बचत गटांनी असा व्यवसाय करायचा झाल्यास प्रथम खरेदीदार निश्चित करावा आणि मगच यंत्र घ्यावे. वाळवलेला कांदा हवेतील ओल पटकन शोषतो, म्हणून हवाबंद पॅकिंगची सोय नसेल तर पावसाळ्यात तो टिकत नाही.

सडका कांदा बांधावर, ओढ्यात किंवा पुढील वर्षी कांदा लावायच्या रानात टाकू नये, कारण मुळकुजीची आणि काजळीची बुरशी त्याच मातीत राहते. चाळीपासून दूर खड्डा करून कांदा, शेण आणि कोरडा पालापाचोळा यांचे थर द्यावेत, ओल ठेवावी आणि दर दोन-तीन आठवड्यांनी खत पालटावे, म्हणजे आत उष्णता निर्माण होऊन ते नीट कुजते. गायी-म्हशींना कांदा भरपूर प्रमाणात घालू नये. कांद्यातील गंधकयुक्त घटकांमुळे त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर होते, जनावर अशक्त होते आणि वेळेवर उपचार न झाल्यास दगावूही शकते. चाराटंचाईच्या काळात दारात पडलेला कांदा जनावरांपुढे टाकण्याचा मोह होतो. अशी लक्षणे दिसताच कांदा ताबडतोब बंद करून पशुवैद्यकाला बोलवावे.

चाळ रिकामी झाली, की त्याच दिवशी तळाच्या फळ्यांखालची पत्ती आणि कुजकट माती काढून त्या खड्ड्यात टाकावी, फळ्या उन्हात उलट्या करून ठेवाव्यात आणि भरलेले वजन, विकलेले वजन व काढून टाकलेले वजन वहीच्या एकाच पानावर लिहावे. पुढील वर्षी किती कांदा साठवायचा आणि किती शेतातूनच विकायचा, हे त्या पानावरून ठरवता येईल.